आप्पांचा हमीदर

आप्पा गेले तरी त्यांचा दर हलत होता.

मुंबईतल्या कचेरीत पडद्यासमोर बसून त्रिशला मगदूम ती बारीक रेघ बघत होती. रेघेच्या डोक्यावर तिच्या वडिलांचं नाव होतं: बाहुबली आदगोंडा मगदूम, हुपरी, चांदीचा टंच काढणे. माणसाचे कपडे वाटून झाले होते, चष्मा डब्यात गेला होता, मोबाइल बंद करून झाला होता. त्यांचं हलणारं असं एवढंच उरलं होतं. सकाळी जरा वर जायचं, दुपारी खाली यायचं.

"त्रिशला, ते बंद कर," शेजारच्या मेजावरून निनाद सबनीस म्हणाला. तो तिचा वरिष्ठ. वयानं दोन वर्षांनी लहान, म्हणून दोघं एकमेकांना अरेतुरे करत. "माणूस गेला तरी कर्ज मागे असतं. हमी कर्जाला चिकटलेली असते, श्वासाला नाही. हे तूच नव्या लोकांना शिकवतेस."

"ठाऊक आहे. मी फक्त बघतेय."

"बघण्यासारखं काय आहे त्यात?"

"दर खाली का आला, ते."

हमीदर ही काही फार गूढ चीज नव्हे. पूर्वी हमी निघायची ती मोठ्या कंपन्यांच्या आणि देशांच्या कर्जांवर. एकानं दुसऱ्याला कर्ज दिलेलं असतं आणि देणाऱ्याला धाकधूक असते. तो तिसऱ्याला म्हणतो, मी तुला दरवर्षी थोडे पैसे देत जातो. हे कर्ज बुडालं तर माझं नुकसान तू भरून दे. हे जे दरसालचे थोडे पैसे, तोच हमीदर. तो बांधायचा कसा? समजा, एकसारख्या शंभर कर्जदारांपैकी चार जण वर्षाकाठी बुडतात. बुडाले तरी सगळंच जात नाही, किडूकमिडूक विकून निम्मं हाती येतं. म्हणजे शंभर रुपयांमागे वर्षाला दोन रुपयांचा खड्डा. हमी देणाऱ्यानं दोनाहून कमी घेतले तर तो आतबट्ट्यात जाणार.

खरी गंमत हा हिशेब उलटा वाचण्यात होती. कुणावर हमी दोन रुपयांना मिळत असेल तर बाजाराच्या मते तो शंभरात चार इतका बुडण्याजोगा आहे. "तुमचा याच्यावर विश्वास किती?" असं कुणाला विचारत बसायला नको. भावच ते सांगतो.

मग 'पारखी' आली. हे यंत्र माणसाचं वीजबिल, औषधं, गिऱ्हाइकांची ये-जा, फोनवरचे व्यवहार असलं सगळं वाचून एका क्षणात त्याचा दर सांगायचं. त्यामुळे हमी साध्या माणसांवरही निघू लागली, आणि कुणाचाही दर कुणालाही फोनवर दिसू लागला. पुढे कायद्यानं आणखी एक दार उघडलं. हमी विकत घ्यायला तुम्ही स्वतः कर्ज दिलेलं असण्याची गरज उरली नाही. शेजाऱ्याच्या घराचा आगीचा विमा तुम्ही उतरवावा, तसं. घर जळालं तर पैसे तुम्हाला. अशा विमेकऱ्यानं रोज सकाळी उठून शेजाऱ्याच्या छपराकडे कोणत्या नजरेनं बघावं, हे कायद्यात लिहिलेलं नव्हतं.

त्रिशला पारखीच्या दरांची तपासणी करायची. पारखी एक आकडा सांगते, बाजार दुसरा. त्या दोहोंतल्या अंतराला कचेरीत नुसतं 'फरक' म्हणत. फरक पैशांत असायचा, फार तर रुपया-दीड रुपया.

आप्पांच्या बाबतीत पारखी म्हणत होती सोळा रुपये. सत्तरी उलटलेला, मूत्रपिंडं गेलेला, डायलिसिसवरचा एकटा माणूस, टंच काढायच्या नव्या किरणयंत्रासाठी काढलेलं मोठं कर्ज, भाड्याचं दुकान. सोळा अगदी रास्त होते. दोन वर्षांपूर्वी बाजारही तेच म्हणत होता. त्यानंतर आजार वाढत गेला, पारखीचा दर चढत गेला आणि बाजाराचा उतरत गेला. शेवटच्या महिन्यात आप्पांवर हमी तीन रुपयांना मिळत होती. निनादची स्वतःची साडेतीनला होती.

"कुणीतरी वेडा स्वस्तात हमी विकतोय," निनाद म्हणाला. "बाजारात वेडे असतात. त्यांच्यावरच आपलं पोट आहे."

"एक वेडा असता तर दर धाडकन पडला असता. हा बघ, थेंबाथेंबानं पडलाय. लहान लहान सौदे. आणि इथे बघ." तिनं रेघेच्या एका सपाट जागेवर बोट ठेवलं. "भाद्रपदात काही दिवस एकही विक्री नाही. गेल्या वर्षीही नाही, यंदाही नाही."

"सुट्टी असेल कसली तरी."

"बाजाराला नव्हती." तिनं बोट उचललं. "पर्युषण होतं. जैनांचे उपासाचे दिवस, आमच्या गावी तेव्हा सौदे थांबतात."

निनादनं खुर्ची वळवली. "त्रिशला, एक सांगू? या महिनाअखेर बँकेत हक्कसोडपत्र दे आणि मोकळी हो. वारसानं हात वर केले की कर्ज बुडीत जाहीर होतं, हमीवाले हमी भरतात, फाइल बंद. आपल्याला तर दुसरी वाटही नाही. ज्याच्यावर हमी निघालीय त्याच्या कर्जात दर बांधणाऱ्या माणसानं हात घालायचा नाही. फेडायलाही नाही. सौद्यातल्या कुणाशी त्याबद्दल बोलायचंही नाही. परवाना जातो."

"नियम मीच लिहिलाय त्यातला अर्धा."

"म्हणून तर आठवण करून देतोय."

हक्कसोडपत्रावर सही करायला हुपरीला जावंच लागणार होतं. त्रिशलानं रजा टाकली. फरक मात्र ती डोक्यातून काढू शकली नाही. वडिलांविषयी रडू येत नव्हतं, तेव्हा विचार करायला तो बरा होता.

*

आप्पांचं दुकान उघडताच राखेचा आणि तापल्या धातूचा ओळखीचा वास आला. हुपरीत घरोघर चांदीचं काम. कुणी तार ओढतं, कुणी पैंजणांना घुंगरू जोडतं, कुणी पॉलिश करतं. आणि चांदी खरी किती, खोट किती, हे आप्पा सांगायचे. त्यांनी सांगितलेला टंच पुन्हा तपासायची पद्धत नव्हती.

ती किरणयंत्रावरची धूळ पुसत होती तेवढ्यात दारात सावली पडली.

"कवा आलीस गं?" आक्काताई चौगुले. घुंगरू जोडणाऱ्या बायकांची मुकादम, आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जाणारा. मागं भरमातात्या होते, आप्पांच्या शेजारी चाळीस वर्षं भट्टी चालवणारे.

"सकाळच्या गाडीनं."

"बघा तात्या, लेक आली आणि पैलं यंत्र पुसाय लागली. बापाचीच हाय." आक्काताई पायरीवर बसल्या. "वाळलीस. मुंबईत जेवाय देत न्हाईत काय?"

"देतात की."

"मग ते अंगाला का लागंना?"

इकडचं तिकडचं झालं. मग भरमातात्यांनी घसा साफ केला. "बाळ, एक इचारायचं हुतं. तू बँकेत सही द्यायला आलीस म्हणं. तू सही दिलीस की आम्हाला किती भरायला लागंल, तेवढं हिशेब करून सांग. म्हंजे आम्ही तयारीला लागतो."

"तुम्ही कशाला भरायचं?"

"कशाला म्हंजे? आम्ही आप्पांना जामीन हाय की!"

त्रिशलाच्या हातातलं फडकं थांबलं.

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी हाय, तात्या हायत," आक्काताई बोटांवर मोजू लागल्या. "माझ्या साऱ्या बायका. पॉलिशवाला इलाही. तारवाले. पन्नास-साठ जण असू."

गोष्ट अशी होती. पतसंस्थेत पूर्वी कर्ज काढायचं तर दोन जामीनदार लागत. आप्पांनी गावातल्या निम्म्या लोकांसाठी तिथे सही केलेली होती. पुढे पतसंस्था मोठ्या बँकेत गेली आणि सह्या बंद झाल्या. पारखी असताना जामीनदार हवेत कशाला? आप्पा आजारी पडले, तसा त्यांचा दर फोनवर लाल दिसू लागला. बाहेरगावचे व्यापारी कुजबुजू लागले, टंचवाल्याचाच टंच घसरला. तेव्हा भरमातात्या बँकेत विचारायला गेले, आप्पांना जामीन कसं राहायचं? कुणीतरी सांगितलं, आता तसं नसतं, आता फोनवर हमी असते.

"मग मी फोनवर हमी दिली," तात्या म्हणाले. "घरातली थोडी चांदी तारण टाकली. दुसऱ्या दिवशी बघतो तर आप्पांचा आकडा खाली! मग आक्कानं दिली. आणखी खाली. सगळ्यांना कळलं, जेवढी माणसं मागं उभी ऱ्हातील तेवढा आकडा उतरतोय."

ते अगदी बरोबर होतं. पाठ्यपुस्तकात याला दोन पानं लागतात.

"पण एक गंमत झाली बघ," आक्काताई पुढे सरकल्या. "दर तीन महिन्यांनी फोन वाजायचा आणि पैसे यायचे. आता जामिनाला कोण पैसे देतं होय? आम्हाला वाटलं चुकून आले. परत कुठं द्यायचे, ते कळंना. मग ठरवलं, आप्पांच्या नावानं आल्यात, आप्पांचेच हायत. पण आप्पा घेतील? अंगावर आले असते! मग डायलिसिसच्या दवाखान्यात परस्पर भराय लागलो."

"मला आप्पा म्हणायचे, सरकारी योजनेत बसतंय."

"त्यास्नी तसंच सांगितलं हुतं. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, योजना म्हणा. खोटं कुठं हाय? आमची योजनाच हुती."

त्रिशला स्टुलावर बसली. तिच्या डोक्यात रेघ उलटीकडून वाचली जात होती. आप्पा बुडणार यावर ज्यांनी पैसे लावले, त्यांच्याच हप्त्यांवर आप्पांचं डायलिसिस चाललं. डायलिसिस चाललं म्हणून दुकान चाललं. दुकान चाललं म्हणून कर्जाचे हप्ते गेले, आणि पैसे लावणारे हात चोळत बसले. पारखीनं औषधांची बिलं वाचली होती. ती कोण भरतं, ते वाचायची सोय तिच्यात नव्हती.

तिला हसू आलं. आप्पा गेल्यापासून पहिल्यांदाच.

"हसाय काय झालं?"

"काही नाही. तुमचे फोन बघू जरा."

दोघांच्या फोनवरचे करार तिनं वाचले, आणि हसू मावळलं. कर्ज शिल्लक होतं चाळीस लाख. हमी, यांच्यासारख्या साठ जणांची मिळून, चार कोटींच्या घरात जात होती. हमी स्वस्त मिळतेय म्हटल्यावर घेणारे येतच गेले होते. आणि आप्पांचा आकडा आणखी उतरावा म्हणून हे देतच गेले होते.

"तात्या, हा जामीन नाही."

"म्हंजे?"

"जामीन राहिलात आणि पैसे भरले, तर ते कुणाला जातात?"

"बँकेला. कर्ज मिटतं."

"इथले बँकेला जाणार नाहीत. बँकेनं हमी घेतलेलीच नाही. घेतलीय ती तिसऱ्याच लोकांनी. त्यांनी आप्पांना दमडी दिलेली नाही. आप्पांना बघितलेलंही नाही."

आक्काताईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "मग आप्पा बुडाले तर त्यांचं काय नुकसान हुणार?"

"काही नाही."

"मग भरून काय द्यायचं?"

याचं उत्तर त्रिशलानं आजवर अनेक सभागृहांत दिलं होतं. बाजाराची खोली वाढते, भाव नेमका होतो, वगैरे. आक्काताईंच्या तोंडाकडे बघून तिनं ते सगळं बाजूला ठेवलं आणि फोन परत दिले.

"आणि आप्पांचं कर्ज?" तात्यांनी विचारलं.

"ते तसंच राहणार. तुमची चांदी जाणार, आणि त्यांचं नाव बुडितातच राहणार."

आक्काताई पदराच्या टोकाशी चाळा करत बसल्या. त्यांच्या सुनेचं स्त्रीधनही तारणात होतं, हे त्रिशलाला नंतर कळलं.

त्रिशला उठून मागच्या मोरीवर गेली. तोंडावर पाणी मारलं. सुटायला एक वाट होती, अगदी सरळ. या धंद्याच्या जुन्या गोष्टींत ती तिनं ऐकली होती: हमी देणाऱ्यांनीच मूळ कर्ज फेडून टाकायचं. कर्जच उरलं नाही तर बुडणार काय? हमी आपोआप मरते. चार कोटी वाचवायला चाळीस लाख. पण ते सांगायचं म्हणजे सौद्यातल्या माणसांशी बोलणं. बोलणं तर निम्मं होऊनच गेलं होतं. अजून गप्प बसता आलं असतं. सही करून संध्याकाळच्या गाडीत बसता आलं असतं, आणि सोमवारी पडद्यासमोर. परवाना गेला तर या धंद्यात कुठेच दार उघडणार नव्हतं. वीस वर्षांचं शिकणं एका वाक्यात संपणार होतं.

तिनं तोंड पुसलं आणि ती बाहेर आली.

"तात्या, साऱ्यांना बोलावता का? इथंच. एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगितल्यावर माझी नोकरी जाईल, तेव्हा नीट ऐका. मला दोनदा सांगायला लावू नका."

*

दुकानापुढे माणसं दाटली. तिनं सांगितलं. इलाहीनं विचारलं, "हे कायद्यात बसतं?"

"तुमच्यासाठी बसतं. कुणाचंही कर्ज कुणीही फेडू शकतो."

मग आकडेमोड सुरू झाली आणि गलका वाढला. कुणी म्हशीचे देतो म्हणाला, कुणी भिशीचे. बावीस लाखांवर गाडी अडली.

"उरलेले मी भरते," त्रिशला म्हणाली.

"हां! ते न्हाई," आक्काताई कडाडल्या. "लेकीचा पैसा माहेराला लावायचा? आप्पा वरनं शिव्या घालतील."

"मग लेक म्हणून नको. तुमच्यासारखी मलाही जामीन राहू द्या."

"तू उशिरा आलीस."

हे आक्काताईंनी थट्टेनं म्हटलं होतं. पण बोलून झाल्यावर त्यांनाच ते लागलं.

"आले उशिरा," त्रिशला म्हणाली. "रांगेत शेवटी उभी करा. पण उभी करा."

भरमातात्यांनी आक्काताईंकडे बघितलं. आक्काताईंनी नाक पुसलं. "करा बाई तिला उभी. शेवटाला."

दुसऱ्या दिवशी बँकेत मॅनेजरबाईंनी तीनदा पडदा तपासला. बुडीत जाणारं कर्ज फेडायला साठ माणसं आलेली त्यांनी पाहिली नव्हती. कुणी फोनवरून भरले, कुणी रोख आणलेले. भरणाऱ्याचं नाव लिहायच्या जागी प्रत्येक जण आपलंच लिही म्हणून हटून बसला. शेवटी त्यांनी वैतागून साठ पावत्या काढल्या. त्रिशलाची शेवटची.

तिनं फोनवर रेघ उघडली. ती शून्यावर आली नाही, वरही गेली नाही. तीन रुपयांच्या किंचित खाली येऊन थांबली, आणि पुढे कोरी जागा. ती त्या कोऱ्या जागेकडे बराच वेळ बघत राहिली. शेजारी उभ्या असलेल्या इलाहीनं काही न विचारता तिच्यासाठी खुर्ची ओढली. ती बसली, आणि बँकेच्या त्या गर्दीत तिला रडू आलं.

तेवढ्यात निनादचा फोन आला.

"काय केलंस हे? हमीचे खरेदीदार इथं थयथयाट करताहेत. परवाना आजपासून स्थगित, चौकशी लागेल. मला सही करावी लागली, त्रिशला."

"करायलाच हवी होती."

मग त्याच्यातला जुना, जिज्ञासू माणूस हळूच बोलला. "पण फरक? सापडला?"

"सापडला."

"कोणता घटक होता? पारखीत घालता येईल?"

"येईल बहुतेक."

"मग सांग ना!"

"मी आता कामावर नाही ना," ती डोळे पुसत म्हणाली. "आणि तो घातलास तर उद्या कुणाच्या डायलिसिसचे पैसे कुठून यायचे?"

"म्हणजे काय?"

"भेटल्यावर सांगेन. लांबलचक आहे."

बाहेर पायऱ्यांवर आक्काताई फोन डोळ्यांपासून लांब धरून काहीतरी शोधत होत्या.

"हमी मेली म्हंजे आता आमचे तीन महिन्यांचे पैसे बंद, न्हवं?"

"बंद."

"बरं झालं. आणि तुझा हा आकडा काय गं? एकवीस? अगं बाई, आप्पांपेक्षा वाईट!"

"नोकरी गेली की चढतो."

"लालभडक दिसतोय." आक्काताईंचं बोट हमीच्या खुणेवर गेलं, क्षणभर तिथं रेंगाळलं, आणि त्यांनी फोन कमरेला खोचला. "न्हाई. हे असलं न्हाई. कोण कुठले लोक पैसे लावतात. तुला कर्ज काढायचं झालं की सांग, आमी समोर येऊन सही करू."

"मला कर्ज कशाला लागतंय, आक्काताई?"

"आज न्हाई लागत. दुकानाचं भाडं थकलंय ते तुला ठाऊक न्हाई. आणि यंत्र तसंच ठेवलंस तर टंच काय मी दातांनी काढू?" त्या पायऱ्या उतरू लागल्या. "चल आता. दिवस मावळायच्या आत जेवायचंय."

त्रिशला त्यांच्या मागोमाग उतरली. चालता चालता तिनं भरमातात्यांना विचारलं, ते किरणयंत्र चालवायला अवघड असतं का.